भाऊबीज, पाडवा, दिवाळसण: उसनवारी न करता देणंघेणं कसं निभवायचं

आधीच सांगते, "हाताने बनवलेल्या भेटी द्या" हा सल्ला इथे मिळणार नाही. करून बघितलाय मी. एका वर्षी सात घरांसाठी पणत्या रंगवल्या, म्हणजे कच्च्या पणत्या आणल्या, मग रंग, मग आरसे, मग कुंदन, मग त्या ठेवायला डबे, डब्यांना रिबीन, असं करत करत घरामागे साडेतीनशे रुपये गेले, वर चार रविवार गेले, आणि बाजारात तशाच रंगवलेल्या पणत्या दीडशेला सहा मिळत होत्या. जावेने डबा उघडला आणि म्हणाली, "छान आहेत गं, कुठून घेतल्यास?"

"वर्षभर सेलमधून घेऊन ठेवा" हा दुसरा लाडका सल्ला. तोही नको. कपाटात साड्या साठतात, कोणती कोणासाठी हे विसरायला होतं, आणि एक साडी तर जिने दिली तिलाच परत जाता जाता राहिली, शेवटच्या क्षणी फॉलवरून ओळखली म्हणून वाचले.

माझं गणित असं: सासरी तीन नणंदा, एक दीर, माहेरी दोन भाऊ, भाचे-पुतणे मिळून नऊ. लग्नाला सोळा वर्षं झाली. २०१७ मध्ये धाकट्या नणंदेचा पहिला दिवाळसण होता, जावईबापूंना अंगठी, तिला साडी, तिच्या सासूसासऱ्यांचा आहेर, आणि बाकीच्यांचं नेहमीचं होतंच, एकूण ४७,००० गेले. त्यातले ३०,००० कार्डावर राहिले. दर महिन्याला मी "मिनिमम ड्यू" भरत होते आणि मला वाटत होतं की फिटतंय. ते पुढच्या गणपतीपर्यंत चाललं, तेसुद्धा शेवटी एफडी मोडली म्हणून. त्यानंतर जी पद्धत बसवली ती खाली लिहिते.

पैसा आधी, यादी नंतर

सगळेजण उलटं करतात. आधी यादी, मग प्रत्येकापुढे आकडा, मग बेरीज, मग डोक्याला हात. यादी आधी केली की एकही नाव कापवत नाही. म्हणून आधी पैसे मोजा, नावं नंतर.

मी हे पितृपक्षात करते. लोक तेव्हा खरेदी करत नाहीत, दुकानात ओढायला कोणी नसतं, डोकं शांत असतं. यंदा, म्हणजे २०२६ ला, सर्वपित्री १० ऑक्टोबरला आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, मध्ये चार आठवडे मिळतात, भरपूर झाले. खात्यात दिवाळीसाठी म्हणून जे आहे ते लिहायचं, त्यातून फराळाचं सामान, मुलांचे कपडे, गावी जाण्यायेण्याचं भाडं आणि घरकामाच्या मावशींची दिवाळी हे काढायचं. उरलेलं ते भेटींचं. मग ते ९,००० असो की १९,०००.

बोनस खात्यात पडल्याशिवाय धरायचा नाही. कायद्याने किमान ८.३३ टक्के वगैरे ठीक आहे, पण तो कधी मिळणार हे कायदा तुमच्या भाऊबीजेला विचारून ठरवत नाही. नवऱ्याच्या आधीच्या कंपनीत एकदा भाऊबीज होऊन नऊ दिवसांनी आला. आम्ही तो आधीच खर्च केलेला.

यंदा एक वेगळा सापळा आहे. मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ येऊन गेला त्यामुळे दिवाळी पुढे सरकली. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, तेव्हा महिनाअखेर होती आणि खिसा आपोआप आखडला होता. यंदा ८ नोव्हेंबर म्हणजे पगार नुकताच झालेला असणार, खात्यात आकडा गुबगुबीत दिसणार, हात सैल सुटणार, आणि पुढचे बावीस दिवस त्याच पगारावर काढायचेत, हे धनत्रयोदशीला कोणाच्या लक्षात राहतं? घरभाडं, हप्ते, शाळेची फी हे १ तारखेलाच बाजूला काढा.

पुढच्या वर्षासाठी जानेवारीत बँकेत आरडी सुरू करा, नऊ महिन्यांची, महिना १,५०० ची काढली तरी दिवाळीला १३,५०० आणि वर थोडं व्याज. पोस्टाची आरडी चांगली पण ती पाच वर्षांची असते, या कामाची नाही. आणि भिशीच्या भरवशावर राहू नका. आमच्या बिल्डिंगमध्ये बारा जणींची भिशी आहे, दिवाळीचा नंबर सगळ्यांनाच हवा असतो, चिठ्ठी निघते फेब्रुवारीत, ते पैसे मिक्सर आणि चष्म्यात जातात, आणि ऐन दिवाळीत आपण हप्ता भरत बसतो.

यादी

एका कागदावर, एका बैठकीत, घर हे एकक धरून. माणूस नाही, घर. नऊ पोरांना नऊ भेटी देत बसू नका, एका घराला एक.

आता अवघड भाग: हे तोंडाने सांगणं

इथे माझी दोन वर्षं फुकट गेली म्हणून इथे थांबून वाचा. आकडा ठरवणं कोणालाही जमतं. तो आकडा पाळायचा तर समोरच्यांना आधी कळायला हवा, नाहीतर भाऊबीजेच्या दिवशी ते त्यांच्या जुन्या हिशोबाने येतात आणि तुम्ही तुमच्या नव्या हिशोबाने बसलेले असता, आणि मग जो कमी पडतो तो पळत दुकानात जातो.

मी गेले होते पळत. २०१८ ला मी फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला, "यंदापासून आपण सगळ्यांनीच गिफ्ट देणं बंद करूया का?" खाली दोन हसऱ्या स्मायल्या. मला वाटलं किती समंजस आहे मी. एका नणंदेने अंगठा दाखवला, बाकी दोघींनी वाचून सोडून दिलं, आणि अर्ध्या तासात सासूबाईंना फोन, "वहिनीला आमचं येणं जड व्हायला लागलंय का?" सासूबाई चार दिवस माझ्याशी मोजकं बोलत होत्या. आणि भाऊबीजेला तिघीही साड्या-ड्रेस-खेळणी घेऊन हजर! माझ्याकडे पाकिटं होती, तीसुद्धा बारीक. संध्याकाळी सात वाजता मी कोपऱ्यावरच्या दुकानातून दिसतील त्या तीन साड्या उचलल्या, ५,४०० रुपये, कार्डावर. म्हणजे गिफ्ट बंद करण्याच्या वर्षी मी जास्त खर्च केला.

तेव्हापासून जे शिकले ते असं.

ग्रुपवर कधीही नाही. फोन करायचा, शक्यतो रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर, जेव्हा माणसं जरा सैलावलेली असतात. आणि ज्याचं नातं त्याने बोलायचं. नवऱ्याच्या बहिणींशी नवरा, माझ्या भावांशी मी. वहिनीने सांगितलं की ते "आल्यापासून भावाला आमच्यापासून तोडलं" होतं, भावाने सांगितलं की "दादाची ओढाताण होतेय बिचाऱ्याची" होतं. तेच वाक्य, तोच आकडा. आमच्या ह्यांनी तीन आठवडे "बोलतो, बोलतो" केलं. शेवटी मी शेजारी बसले, नंबर लावला आणि फोन हातात दिला. तुमच्याकडेही हेच करावं लागणार, तयारी ठेवा.

क्रम महत्त्वाचा आहे. सर्वात आधी सासूबाई, कारण पहिला फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत त्यांना फोन येणार आहेच आणि त्यांना माहीत नसेल तर त्या तुमच्या बाजूने बोलणार कशा? मग थोरली नणंद. मग मधली, मग धाकटी. धाकटीशी जास्त जमतं म्हणून तिला आधी सांगितलंत तर थोरलीचं वर्षभर तोंड फुगतं आणि ते पाकिटातल्या रकमेवरून नसतं.

"बंद" हा शब्द उच्चारायचा नाही. "तुम्हीही काही आणू नका" हेही नाही, कारण कोणी काय द्यावं हे आपण सांगणारे कोण. फक्त आपली बाजू सांगायची. आमच्याकडे बोललेलं वाक्य जवळजवळ असं होतं: "ताई, यंदापासून आम्ही भाऊबीजेला तिघींनाही पाकीटच देणार आहोत, ११०१ चं, आणि दुपारी सगळे आमच्याकडे जेवायला या." बस. आकडा स्पष्ट सांगायचा. "थोडं कमी करतोय" म्हटलं की समोरच्याच्या डोक्यातलं थोडं आणि तुमच्या डोक्यातलं थोडं यात दोन हजाराचा फरक असतो.

कारण देऊ नका. ही चूक सगळे करतात, मीही केली. फ्लॅटचा हप्ता आहे म्हणून सांगितलंत आणि डिसेंबरमध्ये जुना फ्रीज बंद पडला म्हणून नवा घेतलात, की "फ्रीजला आहेत, आम्हाला नाहीत" हे ऐकायची तयारी ठेवा. पद्धत बदलली, एवढंच.

आता उलट उत्तरं येतात त्यातलं एक मात्र खरं असतं. थोरल्या नणंदेने ह्यांना विचारलं, "अरे पण सासरी जाऊन दाखवू काय?" हे ऐकून मला पहिल्यांदा कळलं की आम्ही इतकी वर्षं ज्या साड्या देत होतो त्या तिला नकोच होत्या, तिच्या कपाटात जागा नव्हती, त्या तिच्या सासूला आणि जावांना दिसाव्यात म्हणून होत्या. भेट बहिणीला असते पण बघणारे दुसरे असतात. मग दिसणारी गोष्ट द्या, महाग कशाला? आम्ही आता प्रत्येकीला फराळाचा मोठा स्टीलचा डबा भरून देतो, वर खण-नारळ. पाच जिन्नस, करंज्या मोजून पंचवीस. डबा नंतर परत येतो, पुढच्या वर्षी तोच भरायचा. तो डबा तिच्या सासरी टेबलावर बसला की माहेरचं नाव राहतं, आणि फराळ तर घरी होतोच, चार डबे जास्तीचे म्हणजे सामान आणि गॅस धरून फार तर दोन-अडीच हजार वाढतात.

पहिल्या वर्षी काहीजण तरीही जुन्यासारखं घेऊन येतील. मधली आलीच, मुलांना मोठे रिमोटचे ट्रक घेऊन. घ्यायचं, मनापासून आनंदाने घ्यायचं, आणि जागचं हलायचं नाही. त्या पाच मिनिटांत जो उठून दुकानात जातो त्याचं सगळं मुसळ केरात. पोटात कालवतं, कबूल, पण पुढच्या वर्षी ती आपोआप खाली येते. दोन वर्षांनी याच बाईने मला ओट्याशी गाठून सांगितलं, "बरं केलंत, आमच्याकडेही ओढाताणच होती, पहिलं कोण बोलणार हाच प्रश्न होता."

घेणं कमी करायचंय? ते देणं कमी करण्यापेक्षा अवघड. मी माझ्या दादाला म्हटलं, "दादा, २,१०० कशाला, ५०१ टाक ना." तो इतका दुखावला की पुढचा महिनाभर फोन वहिनीच उचलायची. भावाला आकडा सुचवू नका.

ज्यांची लग्नं नुकतीच झाली आहेत त्यांच्यासाठी वेगळं सांगते: पहिल्या वर्षी टाकाल तो आकडा जन्माला चिकटतो. ५०१ वरून ११०१ वर जाता येतं, २,१०० वरून ११०१ वर उतरता येत नाही, उतरायचं तर प्रकारच बदलावा लागतो, म्हणजे साडीऐवजी पाकीट, पोरांच्या सुट्या भेटींऐवजी घराला एक. हौसेने पहिल्या वर्षी पाच हजार घालू नका. हौस तीन वर्षं टिकते.

आणि कापाकापी कुठे करायची नाही ते पण ऐका. बरोबरीच्यांच्या भेटी कापा. घरकामाच्या मावशी, सोसायटीचे वॉचमनकाका, कचरा नेणारा मुलगा, एकटी राहणारी आत्या, यांचं काही कापायचं नाही. मावशींना आम्ही एक महिन्याचा पगार देतो, तो वर सांगितल्याप्रमाणे यादीच्याही आधी बाजूला निघतो. नणंदेची साडी वाचवली म्हणून कोणाची दिवाळी अडत नाही, मावशींची अडते. तीन कंपन्यांच्या ओळखींना ड्रायफ्रूटचे डबे पाठवून मावशींना जुनी चादर देणारी घरं मी बघितली आहेत, त्यांच्याबद्दल मला काही चांगलं बोलता येत नाही.

दिवाळसण

हा एकटाच वर्षाचा हिशोब उलटवू शकतो. यंदा तर ज्यांच्या मुलीचं लग्न गेल्या हिवाळ्यात झालं त्यांचं अधिक महिन्याचं वाणही झालं, तेहतीस अनारसे, चांदीचं निरांजन, जावयाला कपडे, आणि पाच महिन्यांत पुन्हा दिवाळसण. माझ्या मावसबहिणीने हे नीट केलं. तिने अधिकातच विहीणबाईंना सांगून टाकलं, "चांदीचं जे काय ते आत्ता करतोय, दिवाळीला मुलांनी चार दिवस राहायला यावं, कपडे आणि फराळ." विहीणबाई "हो हो, तेच बरं" म्हणाल्या. अधिक महिन्यात बोलायचं राहून गेलं असेल तर दसऱ्याच्या आत बोला, सोनाराकडे पाय ठेवण्याच्या आत.

खरेदी

एटीएममधून एकदाच पैसे काढा, नावं लिहिलेली पाकिटं करा, एक रुपयाचं नाणं चिकटवलेली पाकिटं कुठेही मिळतात. पाकीट संपलं की खरेदी संपली. यूपीआयने करू नका, त्यात पन्नास-शंभर करत दोन हजार कुठे गेले ते कळत नाही. खरेदी दसऱ्याच्या आधी उरका आणि मुलांना सोबत नेऊ नका.

कार्ड आणि हप्ते

इथे लोक मला म्हणतात की कार्डावर पंचेचाळीस-पन्नास दिवस फुकट मिळतात, मग काय हरकत? हरकत नाही, जर आधीचं बिल पूर्ण भरलेलं असेल आणि हेही पूर्ण भरणार असाल. थोडं जरी मागे राहिलं की ती सवलत गेली, व्याज खरेदीच्या दिवसापासून, आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून.

माझे ते ३०,००० घ्या. मिनिमम ड्यू साधारण पाच टक्के, म्हणजे १,५०० भरले. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे १,०५० च्या आसपास, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी १८९, झाले १,२३९. म्हणजे भरले दीड हजार आणि कर्ज उतरलं २६१ रुपयांनी! मी हे पुढच्या गणपतीपर्यंत केलं आणि एकदाही कागदावर मांडून बघितलं नाही. अकाउंट्समध्ये नोकरी करणारी बाई मी.

नो कॉस्ट ईएमआयबद्दल पण बोलते कारण पाडव्याला बायकोला फोन घेणारे सगळे यातच अडकतात. २४,००० चा फोन, ४,००० चे सहा हप्ते, वर काही नाही असं दिसतं. प्रत्यक्षात बँक व्याज लावतेच, दुकान तेवढी सूट देऊन ते झाकतं, पण त्या व्याजावरचा जीएसटी तुमच्याच माथी. वार्षिक १५ टक्के धरले तर व्याज हजाराच्या आसपास, त्यावर जीएसटी १८३, आणि प्रोसेसिंग फी १९९ असेल तर ती जीएसटीसकट २३५. सव्वाचारशेच्या आसपास गेलेच, शिवाय रोख घेतला असता तर दुकानदाराने जे सोडलं असतं ते वेगळं. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलंय. सव्वाचारशे ही फार मोठी रक्कम नाही हे मलाही कळतं. पण तो हप्ता मे महिन्यापर्यंत चालतो, मध्ये मुलांच्या फी येतात, आणि मुळात पाडव्याची भेट एकाच घरातल्या पैशाची, ओवाळणारीने अर्धे हप्ते स्वतःच भरायचे असतील तर ओवाळलं कशाला?

यंदा कार्ड वापरलंच असेल तर बिल यायची वाट बघू नका, पगार खात्यात असतानाच भरून टाका. आणि जुनं काही थकलेलं असेल तर यंदा पाकिटं ५०१ ची. ११०१ सांगून बसला असाल तर पुन्हा फोन करा, त्याच क्रमाने.

भाऊबीजेच्या रात्री

भांडी घासून झाली की वही काढायची. कोणाला काय दिलं, कोणाकडून काय आलं, साडी असेल तर रंग. किंमत लिहायची नाही, ती लिहिली की पुढच्या वर्षी बरोबरी सुरू होते. खाली पुढच्या वर्षीचा आरडीचा आकडा, आणि मावशींचा पगार किती वाढवायचा तो. मी गेल्या वर्षीच्या पानावर "डबे पाच करणे, दीर वेगळे राहायला गेले" असं लिहून ठेवलंय, आणि त्याखाली "रिमोटचे ट्रक, सेल चार लागतात".